ती कुणाच्या बातमीला हसली

२ तारीख, मंगळवार

ही वही ताईने दिली. म्हणाली, "तोंडात येईल ते आधी हिच्यात लिही, मग जगाला ऐकव. निम्मी भांडणं वाचतील." कॉलेजात सरांशी वाजलं आणि तिसऱ्या वर्षाला मी रामराम ठोकला, ते तिच्या मनातून अजून जात नाही. तिच्या घरी राहतो, तिच्या हातचं खातो, म्हणून वही घेतली आणि कोरीच ठेवली. आज लिहायला बसलो, कारण आज ऑफिसात एक नवीन माणूस आलाय आणि तो मला आवडलेला नाही.

आमचं ऑफिस म्हणजे नळांच्या सामानाच्या दुकानावरच्या तीन खोल्या. इंटरनेटवर जगभर काय काय चमत्कारिक चाललंय ते शोधायचं, खरं का खोटं ते बघायचं आणि त्याची गंमत करून चार ओळी लिहायच्या. लिहिणारा मी, वाचणारी ती. सकाळी दात घासता घासता लोक फोनवर 'आजचं नवल' ऐकतात, ते आमचं. मधल्या खोलीच्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून वाचायची जागा केली आहे. एका बाजूला काच. काचेबाहेर बसून जो तिचं वाचन कापतो-जोडतो त्याला सगळे कात्री म्हणतात. तिला टोपणनाव द्यायची कुणाची छाती नाही. मीही इथे 'ती'च लिहिणार. ती मला स्टोव्ह म्हणते. "ए स्टोव्ह, पिन मारू का?" एवढं म्हणाली की मी दिवसभर पेटलेला.

साहेबांचा नियम एकच. कोरं वाचन. तिने बातमी आधी बघायची नाही. कागद पालथा ठेवायचा, लाल दिवा लागला की उलटायचा आणि सरळ वाचत सुटायचं. मध्ये तिला हसू फुटलं तर ते अस्सल, ते कापायचं नाही. कधीतरी एखादं 'फिस्' निसटतं, लोक तेवढ्यासाठी तर ऐकतात. शनिवारचं वाचन थेट जातं, त्यात तर कात्रीलाही हात लावता येत नाही.

वर्षभर त्या गाद्यांच्या खोलीत फक्त माझे कागद गेले. कोणता शब्द तिच्या आवाजात ऐकावासा वाटतोय ते बघून मी बातमी निवडतो. एका कबुतराच्या बातमीत 'लाडीगोडी' हा शब्द काही कारण नसताना घुसवला होता. हे कुणाला माहीत नाही.

आणि आजपासून दुसऱ्या खुर्चीवर मास्तर. शाळेत चित्रकला शिकवायचा, शाळा बंद पडली. तिशी ओलांडलेली, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, बोलणं असं की कुणी झोपलंय आणि जागं होईल. यंत्रांचे आभार मानतो! प्रिंटरमधून कागद आला, "थँक्यू हं." पाण्याच्या मशीनने पेला भरला, "थँक्यू हं." तिने ते ऐकलं आणि म्हणाली, "किती गोड!"

गोड. मी इथे वर्षभर मरतोय, मला आंबटसुद्धा कुणी म्हटलेलं नाही.

४, गुरुवार

मास्तरचा पहिला कागद आत गेला. बातमी काय, तर एका म्हातारीने विणायला घेतलेला पायमोजा थांबवलाच नाही, तो जिना उतरून अंगणात गेला. संपली बातमी. पुढे काही नाही. मी काचेबाहेर हाताची घडी घालून उभा. आणि ती 'पायमोजा' म्हणाली आणि हसली! खणखणीत, घुंगरू सांडल्यासारखी. साहेब आपल्या खोलीतून बाहेर आले. "वा मास्तर, पहिल्याच चेंडूवर!"

त्यानंतर माझा कागद. एका बाईचं मांजर हरवतं, ती जाहिरात देते, वर्णन इतकं जीव ओतून केलेलं की गल्लीतले निम्मे लोक आपापलं मांजर घेऊन दारात हजर, आणि हिचं मांजर कपाटावर बसून सगळी वरात बघतंय. चांगली होती. मला माहीत आहे चांगली होती. ती अर्ध्यात थांबली, माइककडे पाठ केली, पाणी प्यायली, परत वाचायला घेतलं, परत थांबली. शेवट एका दमात उरकला, जेवण चुलीवर ठेवून आल्यासारखा. हसण्याचं नाव नाही.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते. म्हटलं, "झोप आली होती का?" म्हणाली, "गप रे तू, जीव घेशील एक दिवस."

मी कंटाळ्याने लोकांचा जीव घेतो. बरं झालं कळलं.

५, शुक्रवार

दुपारी साहेबांची खुर्ची मोडली. ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, "आमचा पाया भक्कम आहे हो," आणि तेवढ्यात पाय गेला. साहेब जमिनीवर, फोन अजून कानाला. कात्री खो खो हसत सुटला, मलाही आवरेना. आणि ती? ती जिन्यावर जाऊन बसली, तोंड ओंजळीत, खांदे हलतायत, आवाज नाही. घाबरली बिचारी. मी धावत पाणी नेलं. हाताने 'जा जा' करत होती, श्वास लागला होता. "नको रे... बोलायला लावू नकोस... मेले मी." डोळ्यांतून पाणी.

कात्रीला म्हटलं, "रडतेय ती, काहीतरी कर." तो माझ्याकडे बघतच राहिला. म्हणाला, "तुझं शिक्षण खरंच अर्धवट राहिलं रे."

दगड आहे हा माणूस.

९, मंगळवार

साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. (नवीन खुर्ची आली आहे, लोखंडी.) जाहिराती आटल्या आहेत. महिनाअखेरीला लिहिणारा एकच राहील, मी किंवा मास्तर. ठरवणार कसं? "ज्या बातमीला ही हसते ती लोक पुढे पाठवतात. जिला हसत नाही ती तिथेच पडते. मी कशाला ठरवू? हीच ठरवतेय रोज."

तिचा चेहरा एकदम उतरला. "साहेब, हे माझ्यावर नका टाकू."

"तुझ्यावर कुठे? तू कोरंच वाचतेस ना? हसू काय तुझ्या हातात आहे?"

मास्तरने दुमडलेल्या बाह्या उलगडल्या आणि परत दुमडल्या. त्याच्या तोंडचं पाणी पळालेलं दिसत होतं. मला आनंद झाला, खोटं कशाला लिहू? पण तो आनंद पाच मिनिटंही टिकला नाही. ती पाण्याच्या मशीनपाशी गेली, त्याला पेला भरून दिला आणि दोघं हळू आवाजात बोलत राहिली. मी मधूनच पाणी प्यायला गेलो तर गप्प झाली.

१०, बुधवार

आज मास्तरच्या बातमीला ती तीनदा हसली. तिसऱ्यांदा तर विनोद यायच्या आधीच! 'एका नगरपालिकेने' एवढंच वाचलं होतं. नगरपालिकेत काय असतं हसण्यासारखं? याचा अर्थ मला कळतो. माणूस आवडला की नगरपालिकासुद्धा आवडते.

माझी बातमी, शेजारी रात्रभर घोरतो म्हणून तक्रार करणाऱ्या गृहस्थाची. पुरावा म्हणून आवाज टेप करून नेतो आणि त्यात त्याची स्वतःची बायको म्हणते, "अहो, कूस बदला." परत तेच. थांबली, वळली, पाणी, खोकला.

संध्याकाळी जिन्यात तिला गाठलं. म्हटलं, "स्पष्ट सांग, माझ्या लिखाणात काय खोट आहे?"

"खोट? वेडा आहेस का? तुझं वाचायला फार अवघड जातं रे मला."

"मग सोपं लिहू? पायमोजा लिहू?"

"हे बघ, पेटू नकोस. तुझं काय, तुला कुठेही काम मिळेल. तू लिहितोस. त्यांचं तसं नाहीये." आणि पुढे काही बोलणार होती. मी म्हटलं, "त्यांचं काय ते मला नको सांगूस," आणि दोन-दोन पायऱ्या उतरलो.

'त्यांचं'. मास्तर 'ते' आणि मी 'अरे'. माणूस मनात बसला की तोंडात आदर येतो.

१२, शुक्रवार

कात्री म्हणाला, "तुझ्या बातम्यांना फार कापावं लागतं. निम्मं वाचन नुसती शांतता. ती माइकपासून वळते, मग मी ते काढून जोडतो. मास्तरचं तसं नाही, एका दमात होतं. आता याचा अर्थ असा बघ..."

मी म्हटलं, "अर्थ मला कळतो, तू तुझं काप," आणि दार आपटलं. दाराची कडी हातात आली. ती मास्तरने बसवून दिली आणि कडीलाही थँक्यू म्हणाला.

अजून एक. आज तिच्या पर्समधून एक कागद पडला. मी उचलला तर मागच्या बाजूला किराण्याची यादी. साबण, मीठ, खोबरेल तेल. उलटून बघतो तर माझी मांजराची बातमी! मास्तरचे कागद वाचून झाले की ट्रेमध्ये राहतात, नीट, एकावर एक. माझा कागद मात्र घरी नेऊन मीठ-मिरची लिहायच्या लायकीचा. तिने झडप घालून तो माझ्या हातातून घेतला. चांगलीच लाजली होती. लाज वाटायलाच हवी.

ताईला सांगितलं. ताई म्हणाली, "कागद घरी नेते?"

"यादी लिहायला!"

"तिच्या घरी दुसरा कागदच नाही वाटतं," असं म्हणून ताई हसायला लागली. भावोजी म्हणाले, "मेहुणे, आमच्या वेळी असं काही झालं असतं तर आम्ही पेढे वाटले असते." या घरात माझ्या दुःखाला किंमत नाही.

१६, मंगळवार

आज जिद्दीने लिहिलं. उंदरांना गुदगुल्या केल्या की ते हसतात, पण इतक्या वरच्या पट्टीत की माणसाच्या कानाला ऐकूच येत नाही. शास्त्रज्ञांनी वेगळं यंत्र लावलं तेव्हा कळलं. खरी बातमी, मी दोन ठिकाणी ताडून बघितली. शेवटी मी लिहिलं होतं, "तेव्हा घरातला उंदीर गप्प आहे असं समजू नका, तो तुम्हालाच हसत असेल."

ती पुरती कोलमडली. कागद टेकवला, खाली वाकली, काचेतून मला फक्त तिची वेणी दिसत होती. कात्रीने टेप थांबवली. बऱ्याच वेळाने वर आली, नाक पुसलं, काचेतून माझ्याकडे बोट रोखलं, जणू मी काही गुन्हा केलाय. उंदरांची किळस असेल. हे आधी विचारायला हवं होतं. प्रेमात माणसाने चौकशी करावी.

लोकांच्या फोनवर गेली ती सपाट बातमी. कुणी पुढे पाठवली नाही. मास्तरच्या छत्रीच्या बातमीत ती दोनदा हसली, ती सगळीकडे फिरतेय.

मी हरतोय. आणि खुर्ची गेल्याचं मला एवढं वाटत नाहीये. खुर्ची गेली तर तिच्या तोंडून रोज माझे शब्द यायचे बंद होतील आणि त्याचे येतील. 'पायमोजा'. जन्मभर.

१८, गुरुवार

आज बघितलं. आता शंका उरली नाही.

ऑफिस सुटल्यावर मी पुढे गेलो होतो, डबा विसरला म्हणून परत आलो. बस थांब्यामागच्या बाकावर दोघं. मास्तर गुडघ्यांवर कोपर टेकून खाली बघतोय आणि तिचा हात त्याच्या पाठीवर. नुसता ठेवलेला नाही, हळूहळू फिरवत होती. मग तिने आपला रुमाल दिला. तो रुमाल मला माहीत आहे, कडेला निळी पट्टी असलेला. मला ठेच लागून अंगठा फुटला होता तेव्हा म्हणाली होती, "नळाखाली धर." रुमाल नाही दिला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. डबा तिथेच राहिला. ताईला म्हटलं भूक नाही.

१९, शुक्रवार

उद्या शनिवार, थेट वाचन. माझा कागद पहिला. साहेबांनी विचारलं, "तपासलीस ना?" म्हटलं, "हो, लांबच्या एका शहरातली आहे." आयुष्यात पहिल्यांदा खोटी बातमी लिहिली. इथे उतरवून ठेवतो:

"एका शहरात एक गृहस्थ आहेत. ते यंत्रांचे आभार मानतात. प्रिंटरचे मानतात, पाण्याच्या मशीनचे मानतात, दाराच्या कडीचेही मानतात. इतके आभार मानतात की घरी पोचेपर्यंत आभार संपतात. बायकोने वर्षानुवर्षं वाट पाहिली. शेवटी एक दिवस ती बॅग घेऊन निघाली आणि तिने जाताना सांगितलं, पुढच्या जन्मी मी प्रिंटर होईन. गृहस्थांनी तिच्यामागे दार लावलं आणि दाराला म्हणाले, थँक्यू हं."

वाचून मलाच हसू आलं. ती नक्की हसेल. आणि मास्तरला हसेल, मास्तरच्या बातमीला नाही. फरक आहे. एकदा हसली ना त्याला, की 'गोड'बिड सगळं उतरेल.

२०, शनिवार

लाल दिवा लागला. तिने कागद उलटला. पहिल्या ओळीला तिच्या भुवया वर गेल्या. प्रिंटरवर आली तेव्हा काचेतून माझ्याकडे बघितलं, हसत नव्हती. 'बायकोने' पाशी थांबली.

थेट होतं. कापता येत नव्हतं. कात्रीने दोन्ही हात वर केले. ती शांतता सगळ्यांच्या घरांत गेली असणार. मग तिने वाचलं, शेवटपर्यंत, एकेक शब्द सुटा, दवाखान्यात रुग्णाचं नाव पुकारतात तशा आवाजात. मास्तर प्रिंटरपाशी उभा होता. प्रिंटरमधून त्याचा कागद बाहेर आला. तो काहीच म्हणाला नाही. कागद तसाच राहिला.

माझा कागद संपल्यावर ती थेट माझ्यापाशी आली.

"तुला कुणी सांगितलं?"

"काय?"

"त्यांची बायको सोडून गेली ते. कुणी सांगितलं तुला? मी तर नाही बोलले."

मला खरंच माहीत नव्हतं. त्याचं लग्न झालंय हेही मला माहीत नव्हतं! म्हटलं, "मी मनाने लिहिलं."

"मनाने?" ती म्हणाली. "मनाने लिहिलंस?" आणि मी काही बोलायच्या आत, "त्यांची मुलगी ऐकते रे रोज. आई कामाला परगावी गेलीय असं सांगितलंय तिला."

मला वाटलं ओरडेल, कागद फेकेल. मी तयार होतो. ओरडणाऱ्या माणसाशी मला बोलता येतं. ती परत आत गेली आणि तिने गाद्यांच्या खोलीचं दार लावून घेतलं.

मास्तर घरी गेला होता. त्याची बातमी आज साहेबांनी स्वतः, आपल्या खोलीतून वाचली. कुणी हसलं नाही.

२२, सोमवार

बातमी सुटली आहे. आमच्यावरून एकाने उचलली, त्याच्यावरून दहांनी. आता तिला शहराचं नाव आहे, गृहस्थांचं वय आहे. एकाने चित्र काढलंय, टक्कल आणि मिशी दिलीय. एका पानावर त्या गृहस्थांची मुलाखतही आली! एका बाईने लिहिलंय की ती त्यांच्या शेजारी राहायची. मी बसून कुठे कुठे लिहिलं की हे खोटं आहे, मी रचलंय. लोक म्हणाले, जळतोस का? पुरावा दे.

साहेब खूश. "ही न हसताही एवढी चालली! त्या शांततेमुळे चालली, बाबा. काय थांबा घेतलाय तिने!" मी सांगितलं, खोटी आहे. म्हणाले, "आता कुठे खोटी राहिली?"

मास्तर आला नाही. ती आली. माझ्याकडे बघून मान हलवली, ओळखीच्या दुकानदाराला हलवतात तशी.

२५, गुरुवार

मास्तरच्या घरी गेलो. का गेलो ते नीट सांगता येत नाही. माफी मागायची होती, आणि जमलं तर 'रुमाल कशाला घेतलात' हेही विचारायचं होतं. दोन्ही मनात एकदमच होतं.

दार मुलीने उघडलं. पुढचे दोन दात पडलेले. "तुम्ही बाबांच्या ऑफिसचे? गमतीच्या बातम्या लिहिता?"

म्हटलं, हो.

"त्या थँक्यू काकांची बायको परत आली का?"

मागे स्वयंपाकघराच्या दारात मास्तर उभा, हाताला साबणाचा फेस. त्याने मान हलवली, नको म्हणून. ते मला दिसलं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "येणार आहे. आली की लगेच बातमी देतो."

मला बातमीचा शेवट गोड करायची सवय आहे. हात आपोआप तिकडे जातो.

मुलगी उड्या मारत आत गेली. मास्तरने मला जिन्यापर्यंत सोडलं. चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "असं कशाला सांगितलंत? आता ती रोज ऐकणार." मी म्हटलं, "सॉरी." म्हणाला, "तुमचं लिखाण चांगलं असतं. ती सांगायची मला, की तुमचा कागद हातात आला की तिला धडकी भरते." जाताना म्हटलं, "तुम्ही परत या ना ऑफिसात."

"नको," म्हणाला. "तिला किती दिवस त्रास द्यायचा? मला काय कळत नाही? माझ्या पायमोज्याला कुणी हसतं का?"

बसमध्ये विचार करत होतो. म्हणजे माणसाला स्वतःचं लिखाण वाईट आहे हे ठाऊक होतं. तरी ती हसायची. याला काय म्हणायचं? प्रेमच. दुसरं काय?

पण तो येणार नाही. खोटं कशाला लिहू, घरी पोचेपर्यंत थोडं हलकं वाटायला लागलं होतं.

३०, मंगळवार

साहेबांनी जाहीर केलं, मी राहिलो. दुसरी खुर्ची उचलून साहेबांच्या खोलीत ठेवली. कात्रीने हात मिळवला नाही. म्हणाला, "अभिनंदन. अजूनही काही कळलं नाही ना तुला?" मी आज भांडायचं नाही असं ठरवलं होतं.

तिने साहेबांना एक अट घातली. यापुढे कोरं वाचन नाही. कागद आदल्या दिवशी हातात पाहिजे, वाचून मगच माइकसमोर बसेन, नाहीतर दुसरी बघा. साहेब म्हणाले, "अगं, पण मग हसू?"

"हसेन ना," ती म्हणाली. "कुठे हसायचं ते सांगा, हसेन."

साहेबांना पटलं. मलाही बरंच वाटलं. बिचारीला दरवेळी पाणी प्यावं लागायचं.

३ तारीख, शुक्रवार

हसली! माझ्या बातमीला! काल कागद दिला होता, आज वाचला. एका कुत्र्याने नकळत मालकाचा फोन दाबून पोलिसांना बोलावलं आणि पोलिस आल्यावर त्यांना घरभर हिंडवून दाखवलं, अशी बातमी. कुत्रा पंजा पुढे करतो तिथे ती हसली. खणखणीत, घुंगरू सांडल्यासारखी. अगदी मास्तरच्या बातमीला हसायची तश्शी! मध्ये थांबली नाही, वळली नाही, पाण्याचा पेला भरलेला तसाच. मी काचेला नाक लावून उभा होतो. कात्री म्हणाला, "आता तुझ्या बातम्यांना काही कापावं लागत नाही," आणि हेडफोन काढून बाहेर गेला. पोटात दुखत असेल.

वर्षभर ज्याच्यासाठी जळलो ते आज मिळालं. वाटलं होतं उडी मारीन. उडी आली नाही. थकवा असेल.

रात्रीचं जेवण लवकर झालं आज, भावोजींना पहाटे निघायचं आहे. जेवताना ताईला सगळं सांगितलं.

"हसली? मोठ्याने?"

"जिन्यापर्यंत ऐकू आलं असेल."

"बरं. बाहेर आल्यावर काय म्हणाली?"

"म्हणाली, 'छान लिहिलंत तुम्ही.'"

ताईचा हात पातेल्यावरच राहिला. "तुम्ही?"

"मग! आता एकटाच लेखक आहे मी तिथे. मान देते."

ताईने भावोजींकडे पाहिलं. भावोजींनी पाण्याचा पेला उचलला आणि बराच वेळ पीत राहिले. मी नको नको म्हणत असताना ताईने माझ्या ताटात आणखी वाढलं. लहानपणी मी पडून आलो की वाढायची तसं. म्हटलं, "अगं, एवढं झालंय काय?"

"काही नाही. तू जेव."

या दोघांना माझा आनंद बघवत नाही, दुसरं काय. उद्याचा कागद आताच लिहून ठेवला आहे. तिला हसायला तीन जागा ठेवल्यात.